ताईचं पूर्ण वय

माझ्या सख्ख्या बहिणीने स्वतःच्या अंत्यविधीचा विमा काढायचं ठरवलं, आणि हे मला कळलं कोणाकडून, तर विमा कंपनीतल्या एका पोरीकडून. सकाळी साडेदहाला फोन. "मॅडम, तुम्हाला वारसदार म्हणून लावलंय, ओळखपत्र घेऊन सहीला याल का?" मी म्हटलं, कसली वारसदार? तर ती अगदी गोड आवाजात म्हणते, "अंत्यविधी सुरक्षा योजना, मॅडम." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकतीस वर्षं हॉस्पिटलात काढली आहेत मी, त्यातली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. माणूस गेलं की काय काय लागतं, हे मला कोणी शिकवायला नको. दाखला लागतो, गाडी लागते, जागा लागते, फुलं लागतात, आणि या प्रत्येकासाठी एकेक खिडकी आणि एकेक पावती लागते. भल्याभल्या घरची माणसं बिलाच्या खिडकीशी एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पण माझ्या ताईला मी आहे ना! खणखणीत पेन्शन घेणारी, हातीपायी धड, दोन रस्ते पलीकडे राहणारी सख्खी बहीण असताना हिने परक्याच्या दारात जाऊन सोय करावी? गॅस बंद केला, चपला अडकवल्या आणि निघाले.

ताई दुसऱ्या मजल्यावर राहते. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि दोन्हीकडे इतकी स्वच्छता की आपण पाय ठेवला की आपलाच पाय मळका वाटतो. ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली होती. विम्याचं माहितीपत्रक उजेडाकडे धरलेलं, आणि अंगठ्याचं नख एकेका ओळीखालून सरकत होतं.

हे तिचं जुनंच आहे. ताईने आयुष्यभर काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासल्या. समोर दिवे लावलेला पांढरा पडदा, त्याच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकतात, आणि हिने बघायचं. कुठे बुडबुडा आहे, कुठे तडा आहे, कुठे तोंड वाकडं आहे. खराब बाटली दिसली की उचलून बाजूला. बेचाळीस वर्षं. औषधाच्या बाटल्या तिच्याच पट्ट्यावर पाठवायचे, कारण तिच्या हातून निसटलेली बाटली परत आली असं कधी झालं नाही. आमच्या हॉस्पिटलात त्या कारखान्याच्या बाटल्या यायच्या तेव्हा मी नव्या नर्सना ठसक्यात सांगायची, "बिनधास्त वापरा, माझ्या बहिणीने बघितल्यात."

"मी मेले का?" दारातूनच मी सुरुवात केली.

"तू नाही. माझं चाललंय," ती पत्रकातून मान वर न करता म्हणाली. "बस. चहा घेणारेस?"

"चहा गेला खड्ड्यात! तुझं सगळं मी करणार नाही का? लोक मला काय म्हणतील?"

"लोक तेव्हा मला बघायला आलेले असतील. तुला कोण विचारतंय?"

असं बोलते ही. आणि मला नाकावर माशी बसलेली खपत नाही, त्यामुळे आमची चांगली अर्धा तास जुंपली. मी हिशेबही मांडून दाखवला. म्हटलं, अगं, हप्ते भरत बसलीस आणि नव्वदीपर्यंत जगलीस, तर मिळणार त्याच्यापेक्षा जास्त पैसे भरलेले असतील तू.

"माहितीये. तेरा वर्षांनंतर मी तोट्यात जाते. काढलंय मी."

"मग?"

"मग तोट्यात जगेन. त्यात काय वाईट आहे?"

मी कपाळावर हात मारला. तेव्हा ताईने पत्रक घडी करून ठेवलं आणि कधी न बोललेली गोष्ट बोलली. आमचे वडील त्याच कारखान्यात भट्टीवर होते. ते गेले तेव्हा घरात काही म्हणजे काही नव्हतं. भट्टीवरच्या लोकांनी वर्गणी काढली आणि त्यातून त्यांचं सगळं झालं. भली माणसं होती. पण दुसऱ्या दिवशी मुकादमाने फाटकाशी उभं राहून वर्गणीची यादी मोठ्याने वाचली, कोणी किती दिले. हिशेब चोख असावा म्हणून वाचायचे, मनात काही वाईट नव्हतं. उरलेले पैसे घ्यायला ताई गेली होती, त्यामुळे तिला ती यादी पुरी ऐकावी लागली.

"एकाने 'पगारानंतर देतो' असं लिहिलं होतं," ताई म्हणाली. "तेपण वाचलं. मी मान खाली घालून उभी. तेव्हाच ठरवलं, माझ्या वेळी यादी नाही. कोणाचीच नाही. तुझीसुद्धा नाही."

"मी काय यादी वाचणारे का?"

"तू वाचणार नाहीस गं. पण खर्च तुझा असेल ना. मला माझा हवाय."

राग माझा गेला नव्हता, पण त्यातली हवा गेली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर विम्याच्या ऑफिसात गेले. सहीला म्हणून नाही, त्या पोरीला चांगली फैलावर घ्यायला गेले होते. म्हाताऱ्या माणसांना गाठून गळ्यात काहीतरी बांधायचं, हे धंदे मी पाहिलेत.

ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरचा लांबट हॉल. चार टेबलं, एक पाण्याचं मशीन आणि टोकन पुकारणारा स्पीकर, ज्याचा आवाज कोणालाच कळत नव्हता. विमावाली मुलगी पंचविशीची असेल. ताईला म्हणाली, "या आजी, बसा."

"आजी नको म्हणू. कामाचं बोल," ताई बसली आणि पिशवीतून कागद काढला. त्यावर प्रश्न लिहून आणले होते. मला तोंड उघडायची वेळच आली नाही.

"पहिलं. मी उद्या मेले तर?"

मुलगी गडबडली. मग तिने समजावलं की पहिली दोन वर्षं थांबण्याचा काळ असतो. त्या काळात आजारपणाने किंवा वयामुळे माणूस गेलं, तर पूर्ण रक्कम नाही, फक्त भरलेले हप्ते परत. अपघात असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण.

"म्हणजे दोन वर्षं मला मरायची परवानगी नाही. बरं. तसा विचारही नव्हता. दुसरं, हप्ता चुकला तर?"

"तीस दिवसांची सवलत असते. त्यात भरला नाही तर विमा बंद पडतो."

"आणि मी हॉस्पिटलात असले? शुद्धीतच नसले? तेव्हा कोण भरणार?"

मी ताईकडे बघतच राहिले. एकतीस वर्षांत मी किती नातेवाईक पाहिले, ज्यांचा विमा नेमका शेवटच्या दुखण्यात बंद पडला होता, कारण हप्ते भरणारं माणूसच खाटेवर होतं. हे आधी कोणाच्या डोक्यात आलेलं मी पाहिलं नव्हतं. मुलीने सांगितलं की बँकेतून हप्ता आपोआप जाईल अशी सोय करता येते. ताईने कागदावर खूण केली.

"तिसरं. पैसे कोणाच्या हातात पडतात?"

"वारसदाराच्या. म्हणजे या मॅडमच्या. लगेच मिळतात, काळजी नको."

"आणि हिने ते दुसऱ्याच कशाला वापरले तर?"

"ताई!" मी ओरडले.

"तसं कंपनीला विचारता येत नाही," मुलगी म्हणाली. "रक्कम त्यांची. त्यांनी काय करायचं ते त्यांचं."

"मग हा प्रकार मला नको," ताई म्हणाली. "हिला मी ओळखते. ही सगळा खर्च स्वतःच्या पर्समधून करेल आणि माझे विम्याचे पैसे कुठल्यातरी अनाथाश्रमाला देऊन येईल, वर फोटो लावून. मग मी हप्ते भरले कशाला?"

खरं सांगते, मी अगदी तेच ठरवलं होतं. रात्रभर पडल्या पडल्या अनाथाश्रमसुद्धा निवडून झाला होता. मी जीभ चावली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मुलगी आता हसायला लागली होती. तिने दुसरी योजना काढली. त्यात पैसे हातात येतच नाहीत. गाडी, जागा, फुलं, कागदपत्रं, काय काय हवं ते आत्ताच ठरवायचं, आणि वेळ आली की कंपनी ज्याचं बिल त्याला थेट देते. ताईने लगेच विचारलं, भाडी दहा वर्षांनी वाढली तर वरचा फरक कोणाच्या डोक्यावर? मुलगी आत जाऊन विचारून आली. ठरवलेल्या सेवा मिळणारच, दर वाढले तरी. ताई म्हणाली, हे मला लिहून हवं. मुलगी परत आत गेली आणि छापील नियमांतलं ते कलम घेऊन आली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ स्वतःचं काम सोडून ऐकत बसले होते. मला ताईचा असा अभिमान वाटला की त्या गृहस्थांना सांगावंसं वाटलं, ही माझी बहीण आहे बरं का, सख्खी.

मग मुलीने ओळखपत्र मागितलं. ते बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"सत्त्याहत्तर पूर्ण आहेत तुमची. ही योजना पंचाहत्तर पूर्ण व्हायच्या आत घ्यावी लागते. आम्ही पूर्ण झालेली वर्षंच धरतो, चालू असलेलं वर्ष नाही. तरीही तुम्ही नियमात बसत नाही. सॉरी हं."

ताईने पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाली, "ओळखपत्रावरचं वय खोटं आहे. मला चौऱ्याहत्तर पूर्ण आहेत."

आणि मी काय करावं? सगळ्यांच्या देखत मी तिला झापलं. "ताई! शोभतं का हे? एका विम्यासाठी खोटं बोलायचं? चल, ऊठ. लाज आणलीस."

ती उठली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. पिशवीच्या तळातून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक प्रगतिपुस्तक काढलं. कोपरे झडलेले, मधोमध घडी फाटलेली. आठवीचं. त्यावर तिची जन्मतारीख होती. दिवस तोच, महिना तोच, वर्ष मात्र तीन वर्षं अलीकडचं.

"अठरावं लागलेलं असेल तरच कारखान्यात घ्यायचे," ताई त्या मुलीला सांगत होती, मला नाही. "वडील गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी आईचे कपडे घालून गेले. चपला मोठ्या व्हायच्या म्हणून पुढे कापूस कोंबला. कारकून म्हणाला, घरी येऊन चौकशी करतो. आला. आईवर विश्वास ठेवला नाही, म्हणाला, लहान पोरं खोटं बोलत नाहीत. अंगणात ही खेळत होती, हिला विचारलं."

मला सगळं आठवलं. टोपीवाला माणूस खाली वाकला होता. तुझ्या ताईला कितवं वर्ष? आईने सकाळपासून माझ्याकडून घोकून घेतलं होतं. मी ताठ उभी राहून म्हटलं, अठरावं. तो गेल्यावर आईने मला जवळ घेतलं, आणि मला वाटलं की मी बरोबर उत्तर दिलं म्हणून. पुढे साठ वर्षं मी तेच खरं मानत आले. ताई मोठी होती, म्हणजे मोठीच होती. मला कधी वाटलंच नाही की ती कधी मुलगी होती.

मी त्या खुर्चीत बसून वजाबाकी केली. अठरातून तीन गेले, पंधरा. मी पंधराची असताना मला माझी वेणी धड घालता येत नव्हती, ताई कामावर जायच्या आधी घालून द्यायची. परीक्षेच्या दिवसांत मला पेला उचलून ठेवायला लावायची नाही. आणि ती पंधराची असताना आठ तास दिव्यांसमोर बसून बाटल्या बघत होती, माझी फी भरायला. मी अख्ख्या ऑफिससमोर ढसाढसा रडले. मेट्रन असताना मी कधी कोणासमोर डोळे पुसले नव्हते.

"पुरे," ताई म्हणाली. "मुलीला काम आहे."

मुलीने मला पाणी आणून दिलं आणि तोवर नियम बघून ठेवला. वय दुरुस्त होऊ शकत होतं. शाळेच्या मूळ नोंदवहीतला उतारा हवा, आणि रक्ताच्या नातेवाइकाचं लेखी निवेदन हवं. आताच दुरुस्त केलेलं बरं, ती म्हणाली, नाहीतर दाव्याच्या वेळी वयात फरक निघाला की कंपनी पैसे अडवते. पण ताईची पंचाहत्तर पूर्ण व्हायला एकवीस दिवस उरले होते. त्यानंतर खरं वयसुद्धा कामाचं नव्हतं.

ती धावपळ मी केली. ताईला म्हटलं, तू घरात बस, हे माझं. शाळेतला कारकून म्हणाला, "साठ वर्षांपूर्वीची वही? वाळवीने खाल्ली असेल." मी म्हटलं, असेल-नसेल मला सांगू नका, बघा आणि मग सांगा. तीन दिवस मी त्या ऑफिसच्या बाकावर जाऊन बसले. वॉर्डात जशी फेरी मारायचे तशी दर तासाला त्याच्या टेबलाशी फेरी मारायचे. चौथ्या दिवशी बिचाऱ्याने स्वतः माळ्यावर चढून वही काढली. ताईची नोंद होती. जन्मतारीख बरोबर. आणि शेवटच्या रकान्यात, शाळेतून नाव कमी केल्याचं कारण: सतत गैरहजर.

गैरहजर! माझं डोकंच फिरलं. ती गैरहजर होती तेव्हा कुठे हजर होती, हे विचारायला त्यांच्यातलं एक माणूस घरी आलं नव्हतं. मी उतारा घेतला, आभार मानले आणि रस्ताभर स्वतःशीच भांडत घरी आले.

नऊ दिवस उरलेले असताना आम्ही दोघी पुन्हा विम्याच्या ऑफिसात. मुलीने उतारा तपासला, शिक्के बघितले, सगळं ठीक. मग निवेदनाचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्यात एक चौकोन होता: पूर्वी चुकीचं वय नोंदवल्याचं कारण.

"इथे 'चुकून' लिहा मॅडम. सगळे तेच लिहितात."

"लिही, चुकून," ताई घाईने म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. "चुकून झालं होतं का?"

"छोटे, वाद नको घालूस." तिचा आवाज कधी नव्हे तो खाली गेला होता. "बेचाळीस वर्षं मी खोट निघालेली बाटली बाजूला काढली. आणि मी स्वतः आत शिरले ती खोट्या वयावर. निरोपाच्या दिवशी साहेबांनी माझं कौतुक केलं ना, तेव्हासुद्धा मनात हेच होतं. म्हणून तुलाही कधी सांगितलं नाही. चुकून लिही आणि मोकळी हो."

म्हणजे हे ओझं हिने साठ वर्षं वागवलं. माझा राग पार उसळला, पण तो ताईवर नव्हता. मी मुलीला म्हटलं, "मला कोरा कागद दे. तुझ्या चौकोनात हे मावणार नाही."

आणि मी लिहिलं. नर्सचं अक्षर, सुवाच्य, एकेक शब्द सुटा.

'अर्जदार माझी मोठी बहीण. आमचे वडील वारले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. घर चालवण्यासाठी आणि मला शाळेत ठेवण्यासाठी तिने वय वाढवून सांगितलं. मी नऊ वर्षांची होते, आणि मला विचारल्यावर मीही तेच सांगितलं. त्यानंतर तिने बेचाळीस वर्षं एकही दिवस कामात कसूर केली नाही. मी शिकले, नर्स झाले, मेट्रन म्हणून निवृत्त झाले. कागदावरचं वय तेवढं खोटं होतं. बाकी सगळं खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.'

मुलीने वाचलं आणि स्टेपलर शोधायला लागली. पण ताईने हात पुढे केला. तपासल्याशिवाय ती काही पुढे जाऊ देत नाही. तिने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग परत वर गेली आणि एका शब्दाशी थांबली.

"हे चुकलंय."

"काय चुकलंय? काही चुकलेलं नाही. एक शब्द बदलणार नाही मी!"

"पंधरावं लागलं होतं. पंधरा पूर्ण व्हायला दोन महिने होते अजून. ही मुलगी पहिल्या दिवसापासून सांगतेय ना, पूर्ण झालेलीच वर्षं धरायची." तिने कागद माझ्यापुढे ठेवला. "चौदा लिही."

मी पंधरा खोडलं आणि वर चौदा लिहिलं. खाडाखोडीशेजारी सही लागते म्हणून मी सही केली, आणि माझ्या सहीखाली ताईने तिची केली.